ऊनच बघायचंय तर गच्चीवर जावा की!

सोलापूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र. ओळख गाळून थोडक्यात देते.

घरात पाच माणसं. नवरा बँकेत, त्या स्वतः एका दवाखान्यात हिशेब बघतात. मुलगा नववीत, मुलगी दुसरीत. सासूबाई एकाहत्तरच्या, गुडघे धरलेले, ब्लडप्रेशरची गोळी चालू. मुलाला दोन वर्षांपासून पक्ष्यांचं वेड लागलंय आणि सध्या त्याचा एकच धोशा आहे: फेब्रुवारीच्या शेवटी जैसलमेरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात जाऊन माळढोक बघायचा. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. नवरा तयार आहे, पण त्याचं म्हणणं, ‘एवढं लांब जायचं तर जयपूर, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर आणि येताना कच्छचं रण, सगळंच नऊ दिवसांत उरकून घेऊ.’ सासूबाईंना मुळात ही कल्पनाच पटत नाही. ‘ऊनच बघायचंय तर गच्चीवर जावा की! पैसे देऊन कोण ऊन बघतंय?’ त्यांना एकटं ठेवता येत नाही आणि नेलं तर झेपेल का, ही धास्ती. ‘शेवटी वाटतं, मी आईंबरोबर घरी थांबावं, बाकीच्यांनी जाऊन यावं. काय करू?’ असं त्या विचारतात. आणि पत्राच्या तळाशी ताजा कलम: ‘आईंचं माहेर नान्नजच्या बाजूचं. त्या म्हणतात, हूम बघायला राजस्थानात कशाला, आमच्या रानात शेळ्यांसंगं चरायचे. आता यावर काय बोलणार!’

प्रिय ताई,

यावरच तर बोलायचं आहे! चार पानांत तुम्ही औषधं, तिकिटं, शाळेची रजा, सगळं लिहिलंत आणि जे सगळ्यांत मोलाचं ते ताजा कलम म्हणून तळाशी ढकललंत. तुमचा मुलगा ज्या पक्ष्यापायी जेवताना मोबाईल खाली ठेवत नाही, तोच पक्षी त्याच्या आजीनं लहानपणी बांधावरून बघितलाय. नातू माळढोक म्हणतो, आजी हूम म्हणते, आणि दोघं एकाच पक्ष्याबद्दल बोलताहेत हे घरात कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून ‘हूम’ असा घुमतो. तो आवाज जवळजवळ अर्ध्या किलोमीटरपर्यंत पोचतो, नाव त्यावरूनच पडलंय. म्हणजे आईंनी तो नुसता बघितला नसेल, ऐकलाही असेल. आज रात्री जेवणं झाल्यावर मुलाला एवढंच विचारायला सांगा: आजी, तो ओरडायचा कसा?

सहलीचं त्यानंतर बोलू.

आई म्हणतात त्यात खोटं काही नाही. सोलापूरहून बार्शी रस्त्याला वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज. तिथलं माळरान १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. कागदावरचा पसारा ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं आली, पिकतं रान आलं. जमिनीचे व्यवहार अडकले, आणि मग पक्ष्याचं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठी पडायला लागली. (आजही आमच्याकडे नान्नजचा विषय निघाला, की माळढोकाआधी कुणाच्या तरी अडकलेल्या सातबाऱ्याची गोष्ट निघते.) पुढे हद्द आखडून १,२२२ चौरस किलोमीटर केली, पण तोवर पक्षीही आखडत आला होता. गवताळ माळाला आपण कायम पडीक म्हणत आलो. पडीक म्हणून त्यावर झाडं लावली, पाणी आलं तिथं ऊस आणि द्राक्षं लावली. शेतकऱ्याला कोण बोलणार, त्याचं पोट आहे. पण जमिनीवर उघड्यावर एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला मोकळा माळच लागतो. आता नान्नजला एखादा दिसलाच तर बातमी होते.

तेव्हा मुलाचंही खोटं नाही. अख्ख्या देशात रानात दीडशेहून कमी माळढोक उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडेच आहेत. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे.

आता तुमच्या पत्रात गृहीत धरलेल्या गोष्टींकडे येते. पहिली म्हणजे वाळवंट. तुम्ही सगळ्यांनीच, मुलानंसुद्धा, डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या धरल्या आहेत. मरुभूमी राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या एक पंचमांशाएवढं. जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत ते पसरलंय. नावात राष्ट्रीय उद्यान असलं तरी १९८० पासून कायद्याच्या भाषेत ते अभयारण्यच आहे. आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत, गुरं-मेंढरं चरतात. आणि वाळूच्या टेकड्या त्यात थोड्याच. बाकी सगळी मुरमाड, खडकाळ सपाटी आणि सेवण नावाचं गवत. माळढोक राहतो तो या गवतात. म्हणजे तुमचा मुलगा चौदाशे-पंधराशे किलोमीटर जाऊन जे बघणार, तो एक माळच आहे, आईंच्या माहेरासारखा. फक्त तो अजून माळ राहिलाय.

हे कळलं की घरातलं भांडण जरा वेगळं दिसायला लागतं. ‘तिथं काय बघायचं’ हा प्रश्न आईंना पडतो, कारण त्यांना वाळू डोळ्यांपुढे दिसते. त्यांना वाळू दाखवायला नेऊच नका. गवत दाखवायला न्या.

दुसरी गोष्ट ऊन. सोलापूरच्या माणसाला उन्हाचा एक अभिमान असतो, मे महिन्यात पारा चढला की आपण तो पाहुण्यासारखा मिरवतो. तर आईंना सांगा, देशात आजवर नोंदलेलं सगळ्यांत जास्त तापमान, ५१ अंश, जैसलमेरच्या वाटेवरच्या फलोदीचं आहे, १९ मे २०१६ चं. उन्हात आपला नंबर त्यांच्या मागे. पण ते मे महिन्यात. फेब्रुवारीच्या शेवटी जैसलमेरला दुपार आपल्या दिवाळीनंतरच्या दुपारसारखी असते आणि पहाटे चांगली थंडी वाजते. उघड्या जीपमध्ये सकाळी साडेसहाला बसलात तर दात वाजतील. आपल्याकडे स्वेटर म्हणजे शाळेच्या युनिफॉर्मचा भाग, मोठ्यांकडे नसतोच. तेव्हा माणशी एक सोलापुरी चादर बरोबर ठेवा. हे विनोदानं लिहीत नाही. चादरीचा आणखी एक उपयोग आहे, तो पुढे सांगते.

महाशिवरात्रीपासून होळीपर्यंतचा काळ यासाठी बरा. होळी उलटली की पारा झपाट्यानं वर जातो, मार्चअखेर दुपारी पस्तिशी ओलांडते. माघ पौर्णिमेच्या आगेमागे जैसलमेरला मरु महोत्सव असतो. गर्दी आवडत असेल तर जा, तुमच्या मुलाला ती आवडणार नाही.

तिसरं गृहीत मुलाचं आहे: ‘आत्ता नाही तर कधीच नाही’. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. त्यानंतर तो मोकळाच. मार्चच्या शेवटी ऊन वाढलेलं असेल, थंडीतले पाहुणे पक्षी परत गेले असतील, पण माळढोक कुठं जात नाही, तो तिथलाच रहिवासी. तेव्हा ही सहल एक वर्ष पुढं ढकलता येते, पन्नास टक्के मजा राखून. मी ढकला म्हणत नाही. दहावीचा बागुलबुवा समोर ठेवून ठरवू नका, एवढंच. पुढच्या वर्षी आई बहात्तरच्या होतील, हा हिशेब मला दहावीपेक्षा मोठा वाटतो. नववीतल्या मुलाचे फेब्रुवारीतले सहा-सात दिवस बुडाले तर वर्गशिक्षकांना आधी भेटून सांगा. बहुतेक शिक्षक अडवत नाहीत. अडवतात ते क्लासवाले.

आता यजमानांचा बेत. ताई, हा बेत मी शंभर घरांत ऐकलाय. एवढं लांब जायचं तर सगळंच बघून घेऊ. पैसा जाणार, रजा जाणार, मग दर किलोमीटरमागे काहीतरी पदरात पडलं पाहिजे. बँकेतल्या माणसाला हे पटवणं अवघड, पण त्यांच्याच भाषेत सांगते. जयपूर ते जैसलमेर साडेपाचशेहून अधिक किलोमीटर, उदयपूर ते जैसलमेर त्याच्या थोडं खाली. नऊ दिवसांतले चार दिवस गाडीत जातील. त्या चार दिवसांत आईंचे गुडघे जसे आखडतील तसे ते नवव्या दिवसापर्यंत सुटणार नाहीत. आणि ज्याच्यासाठी निघालो त्या पक्ष्याला या बेतात वाट्याला येते एक सकाळ. माळढोक म्हणजे किल्ला नव्हे, तिकीट काढलं की समोर उभा! एवढ्या सपाटीवर शे-सव्वाशे पक्षी. एका सकाळी तो दिसणं नशिबाचं. दोन सकाळी आणि एक संध्याकाळ शांतपणे दिलीत तर शक्यता खरोखर वाढते. जयपूर-उदयपूर कुठं पळत नाहीत. ती दोघांनीच, पुढं कधीतरी, मुलं मोठी झाल्यावर बघायची ठिकाणं आहेत. हे वाक्य यजमानांना जरूर वाचून दाखवा.

माझ्या मनातला बेत असा. सोलापूरहून पुण्याला किंवा मुंबईला जाऊन तिथून जोधपूरची गाडी. जोधपूरला एक पूर्ण दिवस काहीही न करता. आईंनी पाय लांब करून बसायचं, मुलांनी किल्ला बघून यायचा. तिथून भाड्याच्या गाडीनं जैसलमेर, वाटेत फलोदीजवळ खीचनला थांबत. खीचन हे गाव आईंना आवडेल, असं माझं मन सांगतंय. कांड्या करकोचे, तिकडची कुरजां, हिवाळ्यात हजारोंनी उतरतात आणि गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणे टाकतात. जून २०२५ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. मार्च लागला की करकोचे उत्तरेकडे निघून जातात, म्हणून तारीख फेब्रुवारीतलीच धरा. गाडीतून उतरून चार पावलं चाललं की समोर पक्षीच पक्षी, गुडघ्यांना काही त्रास नाही. मग जैसलमेरला चार रात्री. एकाच हॉटेलात, तळमजल्यावर खोली. जैसलमेरच्या किल्ल्यातली हॉटेलं फोटोत छान दिसतात, पण पायऱ्या मोजून या आणि मग ठरवा.

उद्यानात माळढोक बघायला लोक सुदासरीच्या बाजूला जातात. जैसलमेरहून साधारण तास-सव्वा तास. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, ती जैसलमेरच्या वन्यजीव कार्यालयातून काढतात. हॉटेलवाला ‘सफारी’ म्हणाला की खोदून विचारा: कुठली? कारण बरेचदा त्याचा अर्थ सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर जीप उडवणं, तंबूत नाचगाणं आणि रात्री उशिरापर्यंत स्पीकर, असा असतो. मुलीसाठी एक संध्याकाळ वाळूत जरूर घालवा, वाळूवरून घसरण्यासारखी गंमत तिला कुठं मिळणार? पण मुक्काम तिथं करू नका. आईंना उंटावर अजिबात बसवू नका, कुणी कितीही आग्रह करो. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, माणूस तोंडावर पुढं फेकला जातो. उंटगाडी मिळते, त्यात गादी टाकून बसता येतं.

दुपार रिकामी ठेवा. एखाद्या दुपारी मुलीला बाडमेर रस्त्यावरच्या आकल गावच्या जीवाश्म उद्यानात न्या, जैसलमेरहून सतरा-अठरा किलोमीटर. अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके पडलेत. जिथं आज गवत उगवायची मारामार, तिथं तेव्हा दाट जंगल होतं. दुसरीतल्या मुलीला हे पटकन पटतं, मोठ्यांना वेळ लागतो.

आता आईंविषयी, आणि हे जरा सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं मला खूप येतात आणि त्यात गुडघे असतात, ब्लडप्रेशर असतं, पण खरा प्रश्न कुणी लिहीत नाही. तो आहे बाथरूमचा. माळावर, वाळवंटात, मैलोन्‌मैल आडोसा नसतो. आपल्या आया-सासवा तोंडानं बोलत नाहीत, त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, आपल्याला तो आलाय हेही कळत नाही. मग दुपारी चक्कर, डोकं दुखणं, आणि घरचे म्हणतात ‘ऊन लागलं’. ऊन लागलेलं नसतं, लाज लागलेली असते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. प्रवासात ती गोळी कधी घ्यायची, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं बंद करू नका. आणि आईंना आधीच, निघण्याआधी घरी, उघडपणे सांगा, की दर दीड तासाला गाडी थांबणार, कुणी विचारलं नाही तरी थांबणार. घडीची कमोड खुर्ची मिळते, गाडीच्या डिकीत बसते. आणि आता ती चादर. दोघींनी दोन टोकं धरली की आडोसा तयार. तुम्ही आणि मुलगी धरा. सातव्या वर्षी आजीसाठी चादर धरलेली मुलगी ते विसरत नाही, आणि पुढं स्वतः कधी लाजत नाही.

पाणी गाडीत भरपूर ठेवा, माणशी तीन लिटर तरी. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा, महिनाभर टिकतं म्हणून नव्हे तर परक्या मुलखात तिसऱ्या दिवशी आईंना तेच हवंसं वाटेल म्हणून. तिकडची बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची भाजीही त्यांना खायला घाला. केर म्हणजे तिकडच्या एका झुडपाची फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी. देवघरापुढं जिची पानं ठेवतो तिचं अख्खं झाड, आणि तेही गावोगाव, बघायला मिळेल. रोहिड्याच्या झाडाला त्या दिवसांत केशरी फुलं आलेली असतात. आपल्या पळसाची आठवण येते, जरा फिक्या रंगाची.

तिकिटांची एक युक्ती. रेल्वेत साठीपुढच्यांसाठी आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तो एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असले तरच मिळतो. सगळ्या घराचं एकत्र तिकीट काढलं की आईंना वरचा बर्थ यायचा धोका. आईंचं वेगळं काढा, बाकी चौघांचं वेगळं. डबा निराळा आला तर गाडीत अदलाबदल करा. खालच्या बर्थवरच्या आजीच्या शेजारची जागा लोक सहसा देतात.

हे सगळं वाचूनही ‘जैसलमेर आईंना जास्तच होईल’ असं वाटलं, तर दुसरी वाट आहे आणि ती कमी प्रतीची नाही. यजमानांच्या यादीतलं शेवटचं नाव पहिलं करा: कच्छचं छोटं रण. सोलापूर स्टेशनवरून अहमदाबादकडे थेट गाड्या आहेत, राजकोटकडे जाणारी तर विरमगामवरून जाते. तिथून दसाडा-जैनाबादचा परिसर मोटारीनं तासाभराच्या अंतरावर. रानगाढवांचं ते अभयारण्य ४,९५४ चौरस किलोमीटरचं आहे. जमीन टेबलासारखी सपाट, गाडीत बसल्या-बसल्या सगळं दिसतं, आणि माळढोकासारखी धाकधूक नाही. घुडखर, म्हणजे तिथली रानगाढवं, हमखास भेटतात, कळपानं. मिठागरात राबणारे अगरिया लोक, पाणथळीवर फ्लेमिंगो, रात्री वर तारेच तारे. पाच दिवसांत जाऊन येता येतं. उणीव एकच, तुमच्या मुलाचा पक्षी तिथं नाही. गुजरातेत माळढोक उरलेत ते कच्छात नलियाकडे, आणि तेही बोटांवर मोजण्याइतके. निवड त्याच्यापुढं खरी-खरी मांडा. चौदा-पंधरा वर्षांची मुलं आपण समजतो त्यापेक्षा समंजस असतात, फक्त त्यांना आधी ठरवून मग विचारलेलं आवडत नाही.

मुलाशी आणखी एक बोलणं व्हायला हवं, आणि ते बापानं करावं. माळढोक दिसेलच असं कुणी सांगू शकत नाही. दिसला तरी तो दूर, उन्हाच्या लहरींत थरथरणारा एक पांढरा गळा असेल. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, पण एवढ्या सपाटीवर तोही ठिपका होतो. ड्रायव्हरला ‘जरा जवळ घ्या’ म्हणायचं नाही, जादा पैसे देऊन तर मुळीच नाही. फोटोसाठी उडवायचा नाही. दिसलेल्या ठिकाणाचा नकाशा मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा नाही. त्याला हेही बघायला सांगा, की विजेच्या तारांवर जागोजागी चकत्या लटकवलेल्या असतील. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरची तार त्याला उशिरा दिसते आणि एवढं जड शरीर ऐन वेळी वळवता येत नाही. पवनचक्क्या आणि सौरऊर्जेच्या तारांसाठी हे प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तारा जमिनीखालून नेण्याच्या आदेशापर्यंत गेलं होतं, २०२४ मध्ये तो आदेश बदलला. तुमचा मुलगा घरच्या बल्बपासून त्या तारेपर्यंत विचार करत जाईल की नाही, मला माहीत नाही. माझ्या भाच्यानं केला होता आणि आठवडाभर घरातले पंखे बंद करत फिरत होता. जरा सांभाळून.

माळढोक दिसला नाही तरी चिंकारा, वाळवंटी खोकड, थंडीला आलेली मोठाली गिधाडं, उन्हाला बिळातून डोकं काढणारे सांडे नावाचे सरडे, पखुर्ड्या पक्षी, हे सगळं आहे. वही न्यायला सांगा, मोबाईलला तिथं बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. दुर्बीण नसेल तर आठ-बाय-बेचाळीसची कुणाकडून तरी उसनी घ्या. सीमेजवळचा मुलूख आहे, निघण्याआधी तिथली परिस्थिती आणि प्रवेशाचे चालू नियम हॉटेलकडून आणि वनखात्याकडून फोनवर विचारून घ्या.

राहिलं तुमचं ‘मी घरी थांबते’. चार पानी पत्रात तुम्ही स्वतः फक्त त्या एका ओळीत आहात, आणि तिथंही घरीच. कुणी मागितलेलं नसताना तुम्ही देऊन मोकळ्या झालात. आईंनी तरी म्हटलंय का, की सून थांबली तर बरं? मला वाटतं, तुम्ही थांबलात तर आईंना ओझं झाल्यासारखं वाटेल आणि पुढच्या वेळी त्या आपणहून ‘मला कुठं नेऊ नका’ म्हणतील. थांबायचं कारण तुमच्या मनात निराळं असेल, चार दिवस रिकाम्या घराचा मोह असेल, तर तसं सांगा. तो मोह मलाही होतो, त्यात गैर काही नाही. पण मग आईंना त्यांच्या लेकीकडे ठेवा आणि खरोखर एकट्या थांबा. सासूच्या नावावर नको.

आणि या सगळ्याआधी नान्नज. सगळ्यांनी, आईंना घेऊन. पहाटे निघा, सातच्या आत माळावर. वनखात्याच्या चौकीवर नोंद करा, तिथल्या वनरक्षकाशी बोला, त्यांना माळ पाठ असतो. काळवीट दिसतील, भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून फेऱ्या मारताना दिसेल, धाविक पक्षी पळताना दिसतील, नशीब असेल तर लांडगा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन तास ‘काहीच नाही इथं’ म्हणत बसले होते. तिसऱ्या तासाला डोळे बसले आणि मग माळ हलायला लागला. तुमच्या घरचे त्या दोन तासांत कसे वागतात ते बघा. मुलगी कंटाळते का, यजमान घड्याळ बघतात का, आई गाडीत किती वेळ बसू शकतात, पाणी पितात का. जैसलमेरला जे होणार त्याची ही रंगीत तालीम, पेट्रोल फक्त चाळीस-पन्नास किलोमीटरचं. मग आईंच्या माहेरच्या रानात जा. बांध अजून तिथंच असेल, नसला तरी त्या जागा दाखवतील: इथं शेळ्या, इथं हूम. हुरडा लागला असेल तर तिथंच खा. परत येताना गाडीत जैसलमेरचा विषय तुम्ही काढू नका, त्या काढतात का बघा.

एकच घाई आहे. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं तर तिकिटं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काढायला हवीत. आज तारीख बघा: नान्नजसाठी तुमच्याकडे दोनच रविवार आहेत.